परतीची तारीख

कॉलेजच्या ग्रंथालयात मी पुस्तकं देते-घेते. भूगोलाचे एक सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. गणपतीची सुट्टी लागली की म्हणायचे, "सुट्टी तुमची हो, आमचा उपास." काउंटरसमोर खुर्ची असूनही कधी टेकले नाहीत.

दर मार्चअखेर त्यांची नेमणूक संपायची. मग खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं छातीशी धरून परत आणायचे, त्याशिवाय पगाराचं शेवटचं बिल निघत नसे. जुलैत पुन्हा मुलाखत, पुन्हा नवं कार्ड, पुन्हा तीच पुस्तकं. "यंदापुरती द्या हो, ताई." हे मी अकरा वर्षं ऐकलं.

यंदा त्यांना कायम केल्याचा आदेश आला. मार्चअखेर सर आले ते रिकाम्या हातांनी.

"सर, पुस्तकं?"

"घरी आहेत. घरीच राहतील."

मी रजिस्टर उघडलं. "मग परतीच्या रकान्यात काय लिहू?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि पायावर पाय टाकून ऐसपैस बसले.

"लिहा," ते सावकाश म्हणाले, "निवृत्तीचा दिवस."

नियमात ते बसत नव्हतं. मी लिहिलं, आणि चांगलं ठळक लिहिलं.