आतेसासूबाईंचं माघातलं पाणी

अख्ख्या जालना जिल्ह्यात पाण्याचा स्वभाव माझ्या आतेसासूबाईंइतका कुणालाच कळला नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. आणि 'कुणालाच' म्हणताना त्यात मासेही धरतो. मासे बिचारे मिळेल त्या पाण्यात राहतात. आतेसासूबाई पाण्याला आधी पारखायच्या, चार शब्द सुनवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायच्या. हसनाबादच्या पलीकडे त्यांचं गाव. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा वारला आणि त्या माहेरी परतल्या, त्या कायमच्याच. त्यामुळे माझ्या बायकोची जी आत्या, ती सगळ्या गावाचीच आत्या झाली. गावामागचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळी कामात झालेला. त्याच्या भिंतीसाठी त्यांनी डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. "तलाव सरकारचा असंल, पण वळण मी लावलंय त्याला," असं त्या म्हणत आणि तलावही ते मुकाट्यानं ऐकून घेई.

मी जुन्या जालन्यातल्या कापडगल्लीत वाढलेला माणूस. पाणी म्हणजे नळाला येतं, ड्रममध्ये भरतात आणि पुरवून वापरतात, एवढीच माझी ओळख. पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीत गेलो, तर उटणं लागायच्या आधीच आतेसासूबाई मला तलावावर घेऊन गेल्या. माझ्या कमरेला तरंगायला रिकामा पत्र्याचा डबा बांधला आणि म्हणाल्या, "जावईबापू, उतरा. दिवाळीचं पाणी निर्मळ असतं, माणसाला धोका देत न्हाई." मी डब्यासकट उतरलो, डब्यासकट ओरडलो आणि काठावरच्या धुणं धुणाऱ्या बायांनी पुढचे चार दिवस माझी नक्कल केली. परतताना त्यांनी विचारलं, "नव्या जालन्यात कंपनीत काय करता म्हणले तुम्ही?" मी सांगितलं की, बियाणं उगवतं का ते तपासतो, त्याला ऊब बरोबर मिळते का ते मोजतो. त्या जागच्या जागी थांबल्या. "ऊब मोजता? कशानं?" मी तापमापीचं वर्णन केलं. "मंग पुढच्या खेपेला मला साडीबिडी बिलकुल आणू नका. ती काच आणा."

शाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून मी तापमापी घेऊन दिली आणि स्वतःच्या हातानं सासुरवाडीची शांतता घालवली. तोवर त्या कोपर बुडवून अंदाज सांगत. आता आकडा सांगू लागल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. काठाला, भिंतीशी, मधोमध. दोरीला काच, काचेला दगड. माझ्या मेव्हणीच्या, म्हणजे त्यांच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना बाराचं पाणी मोजायला त्या निघून गेल्या आणि अक्षता पडायच्या आत ओल्या लुगड्यानं परतून नवऱ्या मुलाच्या कानात "सव्वीस" असं सांगितलं. तो बिचारा कितीतरी दिवस त्याचा अर्थ शोधत होता. कोणत्या महिन्यात पोहावं याचं अख्खं शास्त्र त्यांच्या जिभेवर होतं. श्रावणातलं पाणी गढूळ पण मायाळू, डोळे मिटून पोहायचं. पौष-माघात पहाटे काठाचं पाणी सगळ्यांत वाईट, कारण उथळ पाणी रातभर उघडं पडतं आणि गारठतं. खोल पाणी ऊब धरून असतं. होळी झाली की, वरचं पाणी पाहुण्यासारखं गोड आणि खालचं घरच्यासारखं खरं. "पाण्यानं कुणी बुडत न्हाई, जावईबापू. बेटाइम उतरल्यानं बुडतं."

हे शास्त्र गावानं हसण्यावारी नेलं होतं. पण गावच्या जत्रेला, ऐन माघात, सूर्योदयाला तलाव पार करायची शर्यत असे. एका वर्षी एका चांगल्या धडधाकट पहिलवानाच्या पायात मध्येच गोळे आले. टायर टाकून त्याला ओढून काढला तेव्हा तो निळा पडला होता. पुढच्या साली पंचमंडळी बसली आणि सरपंचांनी शर्यत कायमची बंद करायचं ठरवलं. "तलावच नडका हाय," ते म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण ते पुढं म्हणाले, "पोरासोरांनी, बायाबापड्यांनी कुणीच आता तिकडं उतरायचं न्हाई. तारेचं कुंपण घालू."

आतेसासूबाई उठल्या. बायकांच्या बाजूनं कुणी बोलायची तिथं पद्धत नव्हती, ती त्यांनी तिथल्या तिथं पाडली. "तलाव नडला न्हाई, तुमचा टाइम नडला. दुपारी तीनला शर्यत ठेवा, एक माणूस गारठला तर मला विचारा."

"मुहूर्त सकाळचा हाय, आत्या."

"मंग सकाळीच घ्या. मी बी उतरते. मी पहिली आले तर कुंपण न्हाई आणि शर्यत तीनला. कबूल?"

सभा हसली आणि हसता हसता कबूल झाली. त्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न.

मला निरोप आला. मी आदल्या दिवशीच पोचलो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो; माझ्या सासऱ्यांनी तर बहिणीशी बोलणंच सोडलं होतं. पहाटे तलावावर धुकं होतं. त्यांनी पाणी मोजलं आणि मला हळूच सांगितलं, "काठाला चौदा, भिंतीशी अठरा. झालं काम." सात जवान अंगाला तेल चोपडून, लंगोट कसून गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. तालुक्याहून आलेले पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि धरणांचं महत्त्व सांगू लागले. पाव तास झाला, अर्धा तास झाला. सातही जण पाण्यात थरथरत होते, पण आधी बाहेर कोण येणार? आतेसासूबाई भिंतीवर घोंगडी पांघरून बसल्या होत्या आणि शांतपणे गूळ-शेंगदाणे खात होत्या. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही नाही उतरत?" त्या म्हणाल्या, "पाहुण्यांचं होऊ द्या की. मस्त बोलून राह्यले."

शिट्टी वाजली. सात जण काठानं, जवळच्या वाटेनं सुटले. आतेसासूबाईंनी घोंगडी माझ्या अंगावर टाकली, कासोटा आवळला आणि भिंतीच्या पायऱ्यांवरून थेट खोलात उडी घेतली. त्यांची वाट दीडपट लांब, पण सगळी खोल पाण्यातून. निम्म्या अंतरावर दोघं माघारी वळले, एक दगडाला धरून बसला. उरलेल्या चौघांचे हात जड पडत गेले, आणि तिकडून त्या म्हशीच्या संथपणानं, एकाच लयीत, न थांबता येतच राहिल्या. पलीकडचा काठ त्यांच्या हाताला लागला तेव्हा सगळ्यांत पुढचा जवान वीस हात मागं होता. पहिली आरोळी माझ्या सासऱ्यांनी ठोकली, "माझी बहीण हाय ती!" मग अख्खी जत्रा ओरडली.

बक्षीस होतं फेटा. सरपंच तो हातात धरून घोटाळले. बाईला फेटा कसा द्यायचा? थंडीनं दात वाजत असतानाही आतेसासूबाई ठणकावून म्हणाल्या, "बघता काय? बांधा की! डोकं हाय मला." सरपंचांनीच तो बांधला. जल्दीत बांधलेला, तिरपा, गुलाबी.

तेव्हापासून शर्यत दुपारी तीनला होते. कुंपण आलं नाही. धुणं धुणाऱ्या त्याच बाया पुढं एकेक करून पोहायला शिकल्या. मीही शिकलो, पण फार नंतर.

पुढं आतेसासूबाईंचे गुडघे गेले. शेवटच्या वर्षी मी गेलो तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून काठाशी आणलं होतं. तिसऱ्या प्रहरी तलावात दहा-बारा बाया पोहत होत्या, हसत होत्या. मधोमध पोचलेल्या एका नव्या सुनेनं हाक दिली, "आत्या, लई ग्वाड पाणी हाय हो आज!" तिच्याकडे बघत बघत आतेसासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "जावईबापू, उठवा मला. नुसते पाय बुडवू."