फर्मच्या इतिहासातली ओसाड जमीन

फोर्टातल्या ज्या सॉलिसिटर फर्ममध्ये मी भाषांतरकार होते, तिला शंभर वर्षं झाली तेव्हा तिचा इतिहास इंग्रजीत छापला गेला. समारंभाला मंत्री येणार, म्हणून तो मराठीतही हवा झाला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. एरवी मी लोकांचे सातबारे इंग्रजीत करायची, आता साहेबांचे पूर्वज मराठीत आणायला बसले.

गोऱ्या संस्थापकाची घोडागाडी, पहिल्या देशी भागीदाराची पगडी, सगळं मी मुकाट्यानं उतरवलं. संस्थापकाच्या कुत्र्याला तर अख्खा परिच्छेद होता. मग अंबरनाथ आलं. फर्मनं कारखानदारांना तिथं जमिनी कशा मिळवून दिल्या त्याचं कौतुक, आणि त्या जमिनी ओसाड, निर्मनुष्य होत्या हे वाक्य. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिखलोलीच्या बाजूची ती जमीन म्हणजे माझ्या आईचं माहेर. तिथं ती जन्मली, तिथं तिनं भात लावला, आणि तिथूनच लग्न होऊन बदलापूरला बेलवलीत आली.

मी वाक्य जसंच्या तसं मराठीत केलं. आमच्याकडे प्रत्येक भाषांतराखाली ते मुळाबरहुकूम असल्याची सही करावी लागते, तीही केली. त्याखाली लिहिलं, ‘भाषांतर बरोबर आहे. मजकूर खोटा आहे.’

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चिडले नाहीत, उलट चहा मागवला. एवढ्याशा वाक्यासाठी कशाला ताणायचं, मराठीतून ते काढूनच टाकू, म्हणाले. त्या समजूतदारपणाचाच मला जास्त राग आला. कुत्रा राहणार होता आणि माझे आजी-आजोबा दुसऱ्यांदा गायब होणार होते.

"काढू नका, सर," मी म्हटलं. "माणसं होती असं लिहा."

उद्यापर्यंत नीट विचार करा, नोकरीचाही करा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

घरी आईला सगळं सांगितलं. नोकरी जाईल हेही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निर्मनुष्य म्हणजे काय, तिनं विचारलं. एकही माणूस नाही, मी म्हटलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"मंग मी कोन? उद्या मला ने त्या सायबाकडं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. साहेबांसमोरच्या, अशिलांच्या खुर्चीत मी आईला बसवलं.

"सर, ही तिथली," मी म्हटलं. "आता हिच्यासमोर वाचा ते वाक्य."