आचाऱ्यांचा र

मुलांनो, फोनवर मराठी लिहिताना तुम्ही एक अक्षर हटकून चुकवता. त्याची ही गोष्ट.

आमच्या भिलाईच्या मराठी मंडळात वर्षानुवर्षं पंगतींचा स्वयंपाक करणारे आचारी आता थांबतो म्हणाले. त्यांना मानपत्र द्यायचं ठरलं. मजकूर मी लिहिला: ‘मंडळाच्या आचाऱ्यांस सप्रेम’. खुर्सीपार वस्तीतल्या पेंटरकडून छापून आलं, ‘आचार्यांस’. र डोक्यावर चढला आणि स्वयंपाक्याचे गुरुजी झाले!

मला हसू आलं. बढतीच मिळाली, राहू द्यावं, असं म्हणत मी ते आचाऱ्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. हसले नाहीत.

“बाई, मले आचार्य कावून करून राहिले? आचारी म्हनाची लाज वाटते का तुमाले?”

खरं सांगते, थोडी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पेंटरकडे गेले. हा छत्तीसगढी माणूस, जन्मभर पाट्या रंगवत आलेला, आता कम्प्युटरवर बसतो. “माताजी, र आधा किया तो ऊपर चढ़ेगा ही. मशीन में ऐसा ही है.” त्याने दोन-तीन फॉन्ट, म्हणजे अक्षरांची वळणं, लावून पाहिली. एकात त्या जागी रिकामा चौकोन उमटला. ज्यांनी ती वळणं घडवली त्यांच्या बोलण्यात हा हलका र नसावा. मग आमच्यासाठी जागा कोण ठेवणार?

मी कागदावर ते अक्षर काढून दाखवलं. तो म्हणाला, “पहले बोलके बताइए.”

मी दोन्ही शब्द म्हटले, आधी ‘आचार्यांस’, मग ‘आचाऱ्यांस’. त्याने डोळे मिटून ऐकले, स्वतः पुटपुटला. “अच्छा! पहले में जीभ ठोकर खाती है, दूसरे में फिसल जाती है.”

मग ब्रश काढला. जुन्या वर्तमानपत्रावर ती पापणीसारखी आडवी रेघ पंधरा-वीस वेळा घटवली, ‘य’ला अलगद टेकेपर्यंत. एकच अक्षर ठिगळासारखं दिसेल म्हणून सगळं मानपत्र हाताने लिहिलं. लहानपणापासून मी हे अक्षर गिरवत आले, पण कधी नीट पाहिलं नव्हतं. ज्याच्या भाषेत ते नाही, त्याने ऐकून काढलं, आणि माझ्यापेक्षा देखणं.

सत्काराला आचाऱ्यांनी मानपत्र कुणाला वाचू दिलं नाही. स्वतःच उभे राहिले, खणखणीत आवाजात वाचलं. त्या शब्दापाशी मी श्वास रोखला होता. ते थांबलेसुद्धा नाहीत.