सहा वितींची खिडकी

मोताळ्याच्या एसटी स्टँडवर नारायणरावांनी सव्वीस वर्षं भोंग्यावरून गाड्या पुकारल्या. त्यांचा आवाज असा, की आपली गाडी नसली तरी माणूस पिशवी उचलून उभा राही. आता ते निवृत्त आहेत. बायको अंबूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, आणि बाजाराच्या रस्त्याकडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसणं एवढंच काम उरलंय. येणारा-जाणारा हाक मारतो, "काय काका, जेवले का?" त्या हाकांवर त्यांचा दिवस निघतो. माझं कृषी केंद्र पुढच्या वळणावर आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या दोन हाका माझ्या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना ऊन सोसेना. पुण्याहून त्यांचा मुलगा राजकुमार फोनवर म्हणाला, पप्पा, खिडकीचं माप सांगा, गुंडाळायचा तयार पडदा पाठवतो. नारायणरावांनी खुर्चीतून उठायचीही तसदी घेतली नाही. "सहा विती," म्हणून मोकळे झाले. पोरानं नऊ इंचांची वीत धरली आणि चौपन्न इंच रुंद पडदा धाडून दिला. खिडकी भरली बेचाळीस.

"काका, मोजलं कशानं तुम्ही?" मी विचारलं.

"म्या कुठं मोजलं? ती सांगे. दर दिवाळीले जुन्या साडीचा पडदा शिवे अन् म्हणे, सहा विती." मग म्हणाले, "तिचा हात लहानच होता बे, भागवत."

मी कामाला लागलो. पडदा ओसरीत अंथरला. साखळीचं टोक तसंच ठेवून दुसऱ्या टोकाचं बूच काढलं, नळी करवतीनं बारा इंच कापली, खालची पट्टीही तेवढीच. कापडावर गेरूत बुडवलेली दोरी ताणून टिचकी मारली आणि उमटलेल्या लाल रेघेवरून ब्लेड फिरवलं. नारायणराव दोरीचं एक टोक धरून "सरळ, सरळ" म्हणत माझं डोकं खात होते. खरं सांगतो, इतकं खुशीत मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. कापलेला तुकडा त्यांनी गुंडाळी करून कपाटात ठेवला. पडदा मात्र असा चपखल बसला की कडेनं बोटभर उजेड येईना. मी फुशारकी मारतच घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी खिडकीचा पडदा बंद. सकाळी बंद, संध्याकाळीही बंद. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "काका पुण्याले गेले वाटते पोराकडं." मला लगेच पटलं. उलट रागच आला. पडदा कापायला भागवत पाहिजे, आणि जाताना दोन शब्द सांगायला नको! चार दिवस मी फणफणत त्या खिडकीवरून गेलो.

पाचव्या दिवशी दुपारी, त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या सोजराबाई दुकानात उंदराचं औषध घ्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "काका आजकाल अर्धीच पोळी खाऊन राह्यले."

"कोणते काका?"

"कोणते म्हणजे? आपले नारायणराव!"

मी दुकान तसंच टाकून निघालो. त्यांच्या मागच्या दारानं आत गेलो तर भर दुपारी अंधार, आणि नारायणराव त्याच खुर्चीत, पडद्याकडे तोंड करून बसलेले.

"काका, आवाज काऊन नाही देला? तुमच्या नाकासमोरून जात होतो ना मी!"

"तुही चप्पल रोज आयकत होतो," ते म्हणाले. "म्हटलं पाहू, मी दिसलो नाही तं कोण पुसते."

"मंग?"

"कोणीच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाचं सोडा, ज्यानं पडदा बसवला त्यालाही कडी वाजवावीशी वाटली नव्हती. मी साखळी ओढली. आधी रस्ता दिसला, मग समोरून जाणाऱ्या बायांच्या पिशव्या, मग त्यांचे चेहरे.

"पुरता नको उचलू," नारायणराव डोळ्यांवर हात धरून म्हणाले. "वर एक वीत राहू दे. ऊन लागते."

"कोणाची वीत, काका?"

त्यांनी डोळ्यांवरचा हात काढून बोटं फाकवली, त्या वितीकडे पाहिलं, आणि अंगठा न् करंगळी हळूहळू जवळ आणली, तिच्या हाताएवढी.