‘शोधा’ म्हणजे कोणी शोधायचं?

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ड्रॉवरमध्ये पेनांची टोपणं साचतात, तसे ते साचतात. पेन कुठे गेले, ते विचारू नका!

डायल-अपच्या दिवसांत मी गडचिरोलीत एका छोट्या संस्थेत होतो. गावोगावची बोली टेपवर घ्यायची, लिहून काढायची आणि वेबसाइटवर टाकायची, म्हणजे कोणालाही सर्च करून ऐकता येईल. ऑफिसात मी आणि टायपिंग करणारी वर्षा. साहेब पुण्याला, फोनवर. आपलं नक्की काय चाललंय, हे तिघांपैकी एकालाही कधी पूर्ण कळलं नाही.

*

वेबसाइट सुरू झाली त्याच दिवशी साहेबांचा फोन. "अहो, ही गोंडीची जुनी लिपी का? काय सुंदर अक्षरं!"

मी चक्रावलो. मग ट्यूब पेटली. "सर, ती मराठीच आहे. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आपला फॉन्ट नाही."

पलीकडून हळूच, "मी प्रिंट काढून फ्रेम केलीय हो!"

*

दादाजीभाऊंचा जन्म तलावात मासे धरण्यात गेलेला. त्यांनी आम्हाला दोन कॅसेटी भरून माशांबद्दल सांगितलं होतं. आपलं बोलणं मशीनमध्ये कसं दिसतं, हे बघायला ते मुद्दाम बसने आले.

वर्षाने ऐटीत टाइप केलं, ‘मासा’. निकाल शून्य!

पुन्हा केलं. पुन्हा शून्य. दोन्ही कॅसेटी वर्षाने स्वतः उतरवल्या होत्या.

दादाजीभाऊ शांतपणे म्हणाले, "मरळ असते, वाम असते, कतला असते. नुसता मासा कुठी असते, बाई?"

*

मग साहेबांनी फर्मान काढलं, साध्या माणसांना वापरायला द्या. आम्ही शेजारच्या जनाबाईंना धानाच्या बांधावरून बोलावून आणलं. वर्षाने पडद्यावरचं बटण वाचून दाखवलं, "शोधा."

जनाबाई हलेनात.

"बाई, ते बटन दाबा न."

"मी काऊन शोधू? मले त मालूम हाय. तुमाले पायजे, तुमी शोधा!"



*

चंद्रपूरच्या एका प्राध्यापकांना न्हाव्यांची गाणी हवी होती. त्यांनी टाकलं ‘नाई’, आणि जवळजवळ अख्खा संग्रह वर आला. आमच्याकडे दर दुसऱ्या वाक्यात ‘मले मालूम नाई’!

ते फोनवर म्हणाले, "एवढे न्हावी आहेत तिकडे?"

आम्ही दुरुस्ती केली. ‘नाई’ म्हणजे ‘नाही’, असं मशीनला शिकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा परत फोन. "आता एकही न्हावी नाही. काय केलंत त्यांचं?"

*

मोहर्लीकडची शेवंता आली ती सकाळच्या बसने. म्हणाली, "मले माह्या मायचा आवाज पायजे. तुमच्या मानसानं टेप केल्ता. माय गेली पोळ्याले."

मायचं नाव टाकलं. नाही सापडलं. गावाचं टाकलं, दुसऱ्याच बायका निघाल्या. वर्षाने विचारलं, "गाणं कोणतं म्हणायची?"

"गाणं नाई म्हने ते कधी."

ओव्या, म्हणी, कहाण्या, सगळं उघडून झालं. दुपार झाली. परतीच्या बसची वेळ होत आली, तरी शेवंता उठेना. मला तिच्याकडे बघवेना.

शेवटी वर्षा म्हणाली, "बाई, तुमची माय दिवसभर काय बोलायची?"

"काय बोलन? कोंबड्याईले हाकले."

वर्षाने ‘कोंबड्या’ टाकलं. एक निकाल. विभाग : खराब रेकॉर्डिंग, निरुपयोगी.

लावलं. खरखर, भांड्याचा आवाज, आणि मग एका म्हातारीचा खणखणीत आवाज, "शेवंते! दार लाव वो, कोंबड्या घुसून राह्यल्या!"

शेवंता उठली, आणि तिने ऑफिसचं दार लावलं.