मूकनाटक आणि आठ रिकाम्या खुर्च्या

नगरमधलं आमचं हौशी मंडळ वर्षाला नाटक बसवतं एकच. पण चहाच्या टपरीवर सांगायला किस्से उरतात ते पुढची दोन वर्षं पुरतात. यंदाच्या नाटकाने तर कहर केला!

गोष्ट मूकपटाच्या जमान्यातल्या नायिकेची. बाप रेल्वेतला गोरा गार्ड, आई मराठी, आणि पडद्यावर बाई सीता-दमयंती! विलासराव, म्हणजे आमचे दिग्दर्शक, म्हणाले, "नाटकही मुकंच करू." नटांनी बोलायचं नाही. संवाद पाटीवर लिहायचे आणि ती पाटी मी कोपऱ्यातून दाखवायची.

*

नायिकेसाठी शिरीन आली. लॅबमध्ये नोकरी करते. दारातूनच म्हणाली, "सर, वडील नगरचे ख्रिस्ती, आई संगमनेरची मुसलमान. चालेल?"

विलासरावांनी ऑडिशनची वही मिटली. "हिची तालीम जन्मापासून चालू आहे, आपण काय शिकवणार!"

*

मेकअपवाल्या बाबूरावांनी रंगीत तालमीला विचारलं, "बाप गोरा, आई सावळी. मंग हिला किती गोरी करू?"

झालं! चौघांची पाच मतं. कोणी म्हणे गहूवर्णी, कोणी म्हणे त्याहून जरा उजळ. तासभर चर्चा. शिरीन खुर्चीत झोपून गेली.

शेवटी बाबूरावांनी पफ आपटला. "नाटक करताय का स्थळ बघताय?"

*

स्टुडिओ-मालकाच्या भूमिकेत अकोले तालुक्यातला गणपत. एसटीत कंडक्टर. याला गप्प राहणं जमेना! हातवारे करता करता तोंड सुरूच.

"अरे, मुकं नाटक आहे!"

"सर, तोंड हाललं न्हाई तर माजा हातबी हालत न्हाई!"

विलासरावांनी दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला पहिल्या रांगेत आणून बसवलं. गणपतच्या तोंडून संपूर्ण तालमीत शब्द फुटला नाही.

*

प्रयोगाच्या आधी शिरीनने दोन पास मागितले. एक नगरच्या आजोबांना, एक संगमनेरच्या नानीला. आईबाबांच्या लग्नापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

"आजोबांकडे गेले की मी 'त्यांची पोर'. नानीकडे गेले की तिथेही 'त्यांची पोर'," ती हसत म्हणाली. मग हसू थांबलं. "एकदा कोणीतरी 'आमची' म्हणावं एवढंच वाटतं हो."

मला गलबलून आलं. विलासरावांनी मात्र व्यवहार पाहिला. "पहिल्याच रांगेत बसवा दोघांना. मधे आठ खुर्च्या रिकाम्या ठेवा!"

*

आणि प्रयोग. शेवटचा प्रवेश. मालकाला नायिकेचं लपवलेलं खरं, इंग्रजी नाव कळलेलं. गणपतने बोट रोखलं, मी पाटी वर केली: 'बाई, तू नक्की कोणाची?'

आता नायिकेच्या उत्तराची पाटी: 'मी माझी.' ती सापडेना! इकडे शोधतोय, तिकडे शोधतोय. (स्टूल टोचत होतं म्हणून मीच ती खाली घेऊन बसलो होतो, हे घरी जाताना कळलं.) बोलायची सोय नाही. प्रश्नाची पाटी तशीच वर, गणपतचं बोट तसंच रोखलेलं, आणि शिरीन मान खाली घालून उभी. मिनिट गेलं. तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी यायला लागलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून नानी ताडकन उठली.

"आरं, काय सारखं इचारतो तिला? आमची हाय ती! आमची पोरगी हाय!"

आठ खुर्च्या सोडून आजोबाही काठी टेकत उभे राहिले.

"ओ विहीनबाई! तुमची कशी? नाक बघा तिचं. आमच्या घरातलं हाय ते!"

नानीने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, शिरीनकडे नीट पाहिलं.

"बरं, नाक घ्या तुमी. डोळे आमचे!"