बाळंतिणीच्या खोलीतला रंग

सांगलीत कृष्णाकाठी कोंडीबा रंगाऱ्याच्या कढया होत्या. माणूस कामाचा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाइकानं "जरा फिकट झालं" एवढं म्हणायचा अवकाश, लुगडं परत कढईत आणि गिऱ्हाईक रस्त्यावर! हात कोपरापर्यंत कायमचे तांबडे. पंगतीत शेजारी बसायला लोक बिचकत, तर त्याला त्याचाही तोरा.

एका बाबतीत मात्र तो भित्रा होता. घरात बाळंतीण असली, की बारशापर्यंत कढया थंड. रंगाचा वासही तिच्या वाटेला जाऊ द्यायचा नाही, हा रंगाऱ्यांच्या घरातला जुना नेम. एकदा त्याच्याच कढईतलं पाणी पिऊन शेळी तडफडून मेली होती. तेव्हापासून तर हा नेम त्याच्या हाडीमासी भिनला होता.

दुसऱ्या महायुद्धाची सुरुवातीची वर्षं ती. मुलगा कृष्णात पलटणीबरोबर दूर मिसर देशात, आणि इकडे सून विजयमाला बाळंत झाली. मुलगी झाली. सगळं गोड झालं म्हणेपर्यंत सुनेला ताप भरला. अंग भाजायला लागलं, ती असंबद्ध बडबडू लागली. असल्या तापातून बाई उठत नाही, हे आळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

पेठेतल्या मदन डॉक्टरांनी तपासून लाल गोळ्या काढल्या. डॉक्टर तरुण, वाचनाचं वेड असलेले. त्यांना राहवेना.

"कोंडीबा, तुमच्याच धंद्यातलं औषध आहे हे! कापडाचे रंग शोधणाऱ्यांनी हा रंग तयार केला, आणि जंतूंचा अभ्यास करणाऱ्यांनी तो आजारी उंदरांना देऊन पाहिला. उंदीर जगले."

झालं! कोंडीबाचा भडका उडाला. "रंग? बाळंतिणीच्या पोटात? डाक्टर, माझी शेळी मेलीया रंगानं! उचला तुमच्या गोळ्या!"

डॉक्टर दारातून आणखी काहीतरी सांगत होते, पण त्या आरडाओरड्यात कोण ऐकतंय?

सुनेच्या उशाशी बसलेली कोंडीबाची बायको बनुबाई उठली आणि तिनं गोळ्या हातात घेतल्या. "आवं, तुमच्याकडं दुसरं काय हाय? कृष्णातला काय कळवायचं? बापानं नेम पाळला आन् बायकू घालवली?"

कोंडीबानं पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढं ठेवला. गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बनुबाई सुनेचं धुतलेलं लुगडं घेऊन रडतच बाहेर आली. लुगड्यावर तांबडे डाग. "लगवीतनं रगात जातंय वो सुनंच्या! मीच मारली तिला!"

बाळंतिणीच्या कपड्याला पुरुषानं हात लावायचा नसतो, पण कोंडीबानं लुगडं ओढूनच घेतलं. उन्हात धरलं, कडा चोळली, वास घेतला.

"अगं येडे, रगात वाळलं की काळवंडतंय. ह्ये वाळून बी तांबडंच हाय. रंग हाय ह्यो! गोळीचा रंग!"

"खरं?"

"जन्म काय भाजी इकण्यात गेला व्हय माझा?"

गोळ्यांनी लघवी लाल होईल, घाबरू नका, हेच डॉक्टर त्या दिवशी दारातून ओरडून सांगत होते, हे त्या दोघांना नंतर कळलं.

पुढं ताप हळूहळू उतरला. एका सकाळी खोलीतून सुनेचा बारीक आवाज आला, "आत्याबाई, पोरगी का रडतीया? आना की हिकडं." बनुबाईनं नातीला तिच्या कुशीत ठेवलं आणि पदर तोंडाला लावून ती तिथंच हुंदके देत राहिली.

डॉक्टर आले तेव्हा तो ओशाळून उभा होता. "डाक्टर, ज्यानं ह्यो रंग केला, त्याचं नाव काय वो?"

"एक नाही हो, पुष्कळ जण. रंग करणारे निराळे, जंतू बघणारे निराळे, रोग्यांना देऊन बघणारे तिसऱ्याच मुलखातले."

"एकमेकाला वळखत तरी हुते का?"

"काही ओळखत असतील, काही नसतीलही."

"आन् माझ्या सुनंला तर त्यातलं कुनीच वळखत न्हवतं," कोंडीबा म्हणाला, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला.